अकरा नंबरचा कागद

सुनंदाताई,

रविवारी तुमची शोकसभा आहे आणि त्यात मला बोलायचं आहे. आपल्या ब्लॉगवाल्यांच्या कट्ट्यावरच्या वसंतकाकांचा फोन आला होता. म्हणाले, "मल्हारी, तू तिचा लाडका, तू बोल. पण तीन मिनिटांत." तुम्ही गेलात, पण तुमची तीन मिनिटं काही गेली नाहीत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी तुम्ही लोकांचे ट्रंककॉल जोडून दिलेत, तीन मिनिटं झाली की मध्येच बोलून आठवण करून दिलीत, आणि रिटायर झाल्यावर ब्लॉग काढलात त्याचं नावही 'तीन मिनिटं' ठेवलंत. माणसाला जे सांगायचं असतं ते तेवढ्या वेळात सांगून होतं, बाकीचं नुसतं हॅलो हॅलो असतं, असं तुम्ही म्हणायचात.

माझं होत नाही, ताई. मी तीनदा लिहायला बसलो. पहिल्यांदा लिहिलं ते सगळं तुमचं कौतुक होतं, ते वाचून मलाच कसंतरी झालं. दुसऱ्यांदा लिहिलं ते सगळं भांडण होतं, तेही पूर्ण खरं वाटेना. हे तिसरं. मला नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही. रविवारी बोलून झालं की हे माझ्या ब्लॉगवर टाकणार आहे. तो ब्लॉग तुम्हीच मला उघडून दिला होता, माझ्याच मोबाइलवर, आणि पासवर्ड लिहून ठेव म्हणून दोनदा बजावलं होतं.

मी कट्ट्यावर पहिल्यांदा आलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल का? कॉलेजच्या वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद लावला होता. 'मराठीत ब्लॉग लिहिता? लिहायचा आहे? औरंगपुऱ्यात या. दर महिन्याचा दुसरा रविवार. चहा आहे.' ब्लॉग म्हणजे काय ते मला तेव्हा धड माहीत नव्हतं. चहा माहीत होता. गाड्यांच्या गर्दीतून, दुकानांच्या पाट्या वाचत त्या हॉलचा जिना शोधायला मला अर्धा तास लागला. वर दारातच तुम्ही खुर्ची टाकून बसला होतात.

"नाव?"

"मल्हारी."

"काय लिहितोस?"

"काहीच नाय."

"मग बरोबर जागी आलास. इथले निम्मे काहीच लिहीत नाहीत."

आतून वसंतकाका ओरडले, "ते निम्मे म्हणजे मी!" सगळे हसले. मला वाटलं होतं लेखक लोक गंभीर असतील, मोठमोठे शब्द बोलतील. तिथं एक बाई मुलाला मांडीवर झोपवून लोणच्यावरचा लेख वाचत होत्या आणि काका माइक त्यांच्या तोंडापुढं धरून उभे होते. कॉलेजात माझ्या घरातलं आधी कुणीच गेलेलं नव्हतं. कुठं बसायचं, कुणाला सर म्हणायचं, कुणापुढं उठून उभं राहायचं, हे सगळं मी वर्षभर दुसऱ्यांकडं बघून करत होतो. त्या हॉलमध्ये पहिल्यांदा मला कुणाकडं बघावं लागलं नाही. हे तुमच्यामुळं झालं. पुढं मी जे लिहिणार आहे त्यानं हे खोटं ठरत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

आणि आपला बक्षिसांचा कार्यक्रम! वर्षातून एकदा, थंडीत. जो माणूस वर्षभर 'लवकरच लिहितो' असं सगळ्यात जास्त वेळा लिहील त्याला एक बक्षीस. ते दरवर्षी काकांना. काका स्टेजवर जाऊन म्हणायचे, "या सन्मानाबद्दल मी सविस्तर लवकरच लिहितो." सगळ्यात लांब टिप्पणीला एक. दुसऱ्याच्या ब्लॉगवर रोज जाऊन काहीही न बोलता परत येणाऱ्याला एक. बाहेरचं कुणी पाहुणं आलं आणि म्हणालं, आता ब्लॉग कोण वाचतं हो, तर सगळा हॉल एका आवाजात म्हणायचा, "आम्हीच!"

पण खरं बक्षीस एकच होतं, 'वर्षातलं लेखन'. त्याची रीत तुमची. ज्याला भाग घ्यायचा त्यानं एक लेख द्यायचा. गल्लीच्या तोंडाशी सनाच्या घरचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं ती सगळ्या लेखांच्या प्रिंट काढायची, कुणाचंही नाव न घालता, वर नुसता नंबर. सना आमच्याच कॉलेजात, माझ्या एक वर्ष पुढं, आणि आपल्यातली सगळ्यात हजरजबाबी. मग हॉलभर सुतळी बांधून ते कागद चिमट्यांनी लटकवायचे, कपडे वाळत घातल्यासारखे. येणाऱ्या प्रत्येकाला दारात तुम्ही तीन टिकल्या द्यायचात. घराघरांतून उरलेली पाकिटं जमवलेली असायची, गोल, लाल, हिरव्या, काळ्या, चमकीच्या. फिरून वाचायचं आणि आवडलेल्या तीन कागदांवर एकेक टिकली लावायची. चहानंतर तुम्ही आणि काका मोजणार. कुणाला किती ते सांगायचं नाही, फक्त पहिला कोण ते सांगायचं. "टिकल्या म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत," असं तुम्ही म्हणायचात. आणि स्वतः कधी टिकली लावायचा नाहीत. कुणी आग्रह केला तर उत्तर ठरलेलं, "मी दार सांभाळते. दारावरच्या माणसाला मत नाही."

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं, ताई. कुणी नवीन आलं की तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचात, "हा आमचा मल्हारी. मेंढ्यांमागून थेट कॉलेजात आलाय." दोन-तीनदा मी ऐकून घेतलं. एकदा जिना उतरताना म्हणालो,

"ताई, मी मेंढ्यांमागं कधी गेलोच नाय. मी तिसरीत असताना बापूनं मेंढ्या इकल्या."

"अरे, त्यात लाजायचं काय?"

"लाजत नाय. पण ते खरं नाय."

"तू नाही गेलास, तुझे वडील गेले. एकच ते."

एकच नाही. बापू पावसाळा संपला की कळप घेऊन चार-चार महिने चालत होते. मी पंख्याखाली बाकावर बसून पाढे म्हणत होतो. मी गेलो नाही, ही त्यांची कमाई आहे. ती मी माझ्या नावावर कशी घेऊ? पण हे मला तेव्हा असं बोलता आलं नाही. तुम्ही हसलात आणि रिक्षाला हात केलात.

मी आधी फिजिक्सच्या प्रयोगशाळेवर लिहिलं होतं. तिथलं एक होकायंत्र कायम दाराकडंच बघतं, त्यावर. तुम्ही वाचून म्हणालात, "बरं आहे. पण हे कुणीही लिहील. तू तुझं लिही." माझं म्हणजे काय, याचा मी आठ दिवस विचार केला. मग कुलपावर लिहिलं. आम्ही पालात राहायचो तेव्हा दार नव्हतं, म्हणून कुलूपही नव्हतं. घरकुल मिळालं आणि बापूंनी पहिलं कुलूप आणलं. किल्ली कुठं ठेवायची ते मायला कळेना. दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, रानात गेली आणि कुलूप लागलंय का बघायला तीनदा परत आली. एक दिवस किल्ली हरवली. सगळं घर अंगणात झोपलं. बापू म्हणाले, लई दिसानं झोप लागली. एवढंच होतं त्या लेखात. तुम्ही तो दोनदा वाचलात आणि म्हणालात, "हा टांगायचा." त्याला अकरा नंबर मिळाला.

त्याच सुमाराला मी तुम्हाला ते सांगितलं. की बापू मला शेंद्र्याला कंपनीत लावायचं म्हणतायत, ठेकेदाराशी बोलून झालंय, कॉलेज बहुतेक सुटणार. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात.

कार्यक्रमाला बापू आले. तुम्हीच फोन करून बोलावलं होतं. पांढरा फेटा बांधून तिसऱ्या रांगेत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. तुम्ही स्वतः त्यांना चहा नेऊन दिलात. त्यांना वाचता येत नाही, म्हणून वसंतकाकांनी त्यांना हाताला धरून फिरवलं आणि काही कागद वाचून दाखवले. मग तुम्ही माइकवर म्हणालात, "वर्षातलं लेखन, नंबर अकरा." मी स्टेजवर गेलो. बक्षीस म्हणजे त्याच कागदाची आधीच काढून ठेवलेली दुसरी प्रत, तयार फ्रेममध्ये घातलेली, आणि खाली तुमच्या अक्षरात शाईनं 'वर्षातलं लेखन' आणि माझं नाव. बापूंनी ती फ्रेम छातीशी धरून गावापर्यंत नेली, एसटीत कुणाला धरू दिली नाही. आता ती घरात देवाच्या शेजारी आहे. आलं-गेलं कुणी विचारलं की बापू काचेवर बोट ठेवून सांगतात, "ह्यात आमचं कुलूप हाय."

कंपनीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी समजलो, ते बक्षिसामुळं. ज्याला कुणी विचारलं त्याला मी हेच सांगत आलो. एका लेखानं माझं शिक्षण वाचवलं, असं. कॉलेजच्या कार्यक्रमात तर मी माइकवर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परवा तुमच्या घरी आलो होतो, सिडकोत. शोकसभेला तुमचेच लेख सुतळीवर लावायचे असं ठरलं, ते गोळा करायला. मेधाताईंनी तुमची कापडी पिशवी दिली. "आईचं कट्ट्याचं सगळं यात आहे. मी उघडलेली नाही. मला जमलं नाही." मी खाली सतरंजीवर बसून एकेक फाइल काढत होतो. एका फाइलीत त्या कार्यक्रमाचे कागद होते, टिकल्यांसकट. मला आनंदच झाला. मी अकरा नंबर शोधला.

कडेनं गोल टिकल्या, सगळ्या रंगांच्या. आणि खाली, शेवटच्या परिच्छेदाच्या बाजूला, नऊ लांबट, बारीक, मरून रंगाच्या. एकाखाली एक, सरळ रेषेत.

तुम्ही लावायचात त्या, ताई. कपाळावर. रोज.

मेधाताई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय रे, काय झालं?" मी म्हणालो, काही नाही, अक्षर बघत होतो. मग बाकीचे कागद बघितले. मरून टिकली दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजलं. त्या नऊ सोडून माझ्या कागदावर बावीस. चार नंबरवर सत्तावीस. चार नंबर म्हणजे सनाचा लेख. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर बसलं की शहरातल्या माणसांची काय काय कागदपत्रं हातातून जातात, कोण कागद उलटा देतो, कोण लपवून देतो, त्यावरचा. तेव्हाही मला तो माझ्यापेक्षा चांगला वाटला होता. माझी एक टिकली मी त्याच्यावरच लावली होती.

काल सकाळी वसंतकाकांकडं गेलो. ते अंगणात सायकलच्या चेनला तेल देत होते. मी कागद पुढं धरला.

"काका, ह्या टिकल्या कुणाच्या?"

त्यांनी हात फडक्याला पुसले. कागदाकडं बघितलं आणि म्हणाले, "फाडला नाही होय तिनं हा?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

"चहाच्या वेळी हॉल रिकामा झाला होता," काका म्हणाले. "वाटायच्या टिकल्या संपल्या होत्या. तिनं पर्समधनं स्वतःचं पाकीट काढलं. मी म्हणालो, सुनंदा, हे काय करतेस? म्हणाली, तू फक्त मोज. त्या पोराचा बाप त्याला कंपनीत घालतोय. बक्षीस मिळालं तर नाही घालणार."

"आणि सना?"

"तेही विचारलं मी. म्हणाली, सनाचं शिक्षण कुणी थांबवत नाही. ती हुशार आहे, पुढच्या वर्षी जिंकेल."

"सना पुढच्या वर्षी आलीच नाय, काका."

"हो. नाही आली." ते पुन्हा चेनकडं वळले. "हे बघ, आता सोड. माणूस गेलं. तुझं भलं झालं ना? रविवारी चांगलं बोल."

ताई, मी तिथून बस स्टँडपर्यंत चालत गेलो. डोक्यात एकच वाक्य होतं, की तुम्हाला माझा लेख आवडला नव्हता. मग वाटलं, तसं नसेल, आवडला असेल, पण पुरेसा नाही. मग त्याहून वाईट वाटलं. लेखाचा संबंधच नव्हता. मी होकायंत्रावर लिहिलं असतं तरी तुम्ही त्या नऊ टिकल्या लावल्याच असत्या. तुम्ही ज्याला बक्षीस दिलं तो मेंढ्यांमागून आलेला मुलगा होता, ज्याचा अडाणी बाप त्याला कंपनीत ढकलतोय. तो मुलगा तुमच्या डोक्यात राहत होता. मी नुसता त्याच्या नावानं स्टेजवर चढलो. तुम्ही मला शिकवलंत की स्वतःचं लिही, खरं लिही, आणि माझ्या पाठीमागं हे केलंत. काकांना माहीत होतं. तुम्हाला माहीत होतं. तुमच्यासमोर मी किती वेळा त्या बक्षिसाचं बोललो असेन. तुम्ही दर वेळी मान हलवलीत.

गावी गेलो ते फ्रेम काढून आणायला. माय चुलीपाशी होती. मी स्टुलावर चढलो तशी ओरडली, "काढू नको ते. भिंत उघडी दिसती."

बापू बाहेरून आले. "काय झालं?"

"बापू, हे बक्षीस माझं नाय. ताईनं मला जास्तीच्या टिकल्या लावल्या होत्या. दुसरीचं होतं ते."

"कामून लावल्या?"

"तुम्ही मला शेंद्र्याला कंपनीत लावणार होते म्हणून."

"मी?" त्यांनी मायकडं बघितलं. "मी कव्हा म्हणलो?"

"त्या बाजाराच्या दिवशी. ठेकेदार भेटला होता तव्हा."

"आरं, म्हणलो आसंल. त्यो म्हणला पोरगं देता का, मी म्हणलो बघू. चारचौघांत माणूस म्हणतो. दुसऱ्या दिशी तुझी पेटी सायकलवर घालून एसटीला कोण घेऊन गेलं मग?"

मी स्टुलावरून खाली उतरलो.

"तुला कोण म्हणलं, की मी शाळा सोडाय लावतो?"

कुणीच नाही, ताई. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. ठेकेदाराशी बोलून झालंय, कॉलेज सुटणार, हे मी तुम्हाला सांगितलं ते बापू एकदा जे बोलले त्यापेक्षा फार जास्त होतं. मी मुद्दाम खोटं बोललो असं नाही. पण मी असं काही सांगितलं की तुम्ही कप खाली ठेवून ऐकायचात. होकायंत्राचं सांगितलं की 'बरं आहे' म्हणायचात. मला ते कळलं होतं आणि मी त्याचा फायदा घेतला. तुमच्या डोक्यातला तो अडाणी बाप मी तुम्हाला दिला होता.

बापू बाजेवर बसले. मग म्हणाले, "त्या बाईनं मला इचारलं नाय. मी तिथंच व्हतो खुर्चीवर. चहा बी दिला तिनं. इचारायचं ना, की काय हो, पोराला शिकवता का नाय. मी सांगितलं आसतं."

खरंच, ताई. का नाही विचारलंत? चार पावलांवर होते.

"आन् मी बी टिकली तुला नव्हती लावली," बापू म्हणाले. "त्या काकानं झेरॉक्सवालं वाचून दाखवलं, त्याला लावली. लई हसलो मी. आपल्या कुलपात काय, ते मला ठावंच व्हतं."

माय म्हणाली, "घ्या! बापच फितूर." आणि मग आम्ही तिघं हसलो. मला त्या हसण्याचंच वाईट वाटत होतं, तुम्ही जाऊन चार दिवस झाले होते.

आज फ्रेम घेऊन सनाच्या दुकानात गेलो. शनिवार, त्यात फॉर्म भरायचे दिवस, दारात ही गर्दी. तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "ताईंचं कळलं रे मला. बुरा लगा." मी सगळं सांगितलं. मध्ये मध्ये ती गिऱ्हाइकाला विचारत होती, आधार एक बाजू की दोन्ही. माझं बोलणं संपलं तेव्हा मशीनही थांबलं होतं.

"नौ टिकली?"

"हो."

"मतलब मैं जीती थी."

"हो."

ती हसली, पण ते हसणं मला बघवलं नाही. "उस दिन घर से निकलते वक्त अम्मी को बोल के निकली थी, आज मेरा नाम आएगा. परत आले तर अम्मी म्हणाली, नहीं आया ना, चल, अब इतवार को दुकान पे बैठ, तेरे भाई को छुट्टी मिलेगी."

"ताईला वाटलं, तुझं शिक्षण कुणी थांबवत नाय."

"शिक्षण नाही थांबवलं कुणी. माझा इतवार थांबवला."

मी फ्रेम काउंटरवर ठेवली. म्हणालो, ही तुझी.

"मेरेको कायको? तुझ्या घरचं कुलूप मी माझ्या दुकानात लटकवू?" तिनं फ्रेम उलटी करून माझ्याकडं सरकवली. "खालची ती 'वर्षातलं लेखन'ची लाइन काढ. बाकीचं तुझंच आहे. अच्छा लिखा था तूने, ते पण सांगते. पण ऐक. ये बात सबके सामने बोल. मेरे कान में आके नक्को बोलू. आणि ब्लॉगवर टाकून हात झटकू नको. ब्लॉग कोण वाचतं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आम्हीच."

तिला हसू आलं नाही. मी विचारलं, "तू येशील?"

"इतवार है. दुकान है." मग एका गिऱ्हाइकाचे कागद जुळवत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "बघते."

पुन्हा लिहिशील का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

ताई, मला तुमचा राग आला आहे आणि तो कुणापुढं काढावा ते कळत नाही. जिवंत माणसाशी भांडता येतं. तुम्ही तो कागद का ठेवलात, याचा मी खूप विचार केला. फाडून टाकला असता तर मला कधीच कळलं नसतं. कधीतरी सांगणार होतात का? की टिकल्या लावलेला कागद फेकवत नाही, एवढंच होतं? मला वाटतं सांगणार होतात. पण हे मला वाटतं, आणि तुमच्याबद्दल मला जे जे वाटत होतं त्याचं काय झालं ते मी बघितलंय.

माझा हिशेब साधा आहे. मी दुसरा आलो असतो. दोन दिवस तोंड पाडून बसलो असतो. मग पुन्हा लिहिलं असतं, कदाचित तुमच्यावरच चिडून, कदाचित चांगलं. बापूंनी मला एसटीत बसवलंच असतं. सना महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कट्ट्यावर येत राहिली असती. हे सगळं आपोआप होणार होतं, तुम्ही फक्त दार सांभाळायचं होतं. तुम्हाला वाटलं हा पोरगा हरणं सोसणार नाही. नऊ टिकल्या लावेपर्यंत तुम्हाला माझ्याबद्दल एवढंही कळलं नव्हतं, हे मला लागलंय. आणि ज्या बाईनं मला लिहायला लावलं, रिक्षात बसायच्या आधी माझ्या चुका सांगितल्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी फोन करून जेवलास का विचारलं, ती हीच. दोन बायका असत्या तर मला बरं झालं असतं. एकीवर चिडलो असतो, एकीसाठी रडलो असतो.

पहिलं वाक्य मी पाठ केलं आहे. 'त्या वर्षीचं बक्षीस सनाचं होतं, सुनंदाताईंनी ते मला दिलं, आणि त्यांनी तसं करावं असं मीच त्यांना सांगितलं होतं, शब्दांत नाही, पण सांगितलं होतं.' यानंतर हॉलमध्ये काय होईल मला माहीत नाही. मेधाताई पहिल्या रांगेत असतील, मी तिकडं बघणार नाही. बापू येणार आहेत. म्हणाले, बाईनं चहा दिला होता, यायलाच पाहिजे. वसंतकाका बहुतेक माइक बंद करतील.

केला तर करू दे. एकदा फोनवर तुम्ही म्हणाला होतात, मी आयुष्यभर आवाज ऐकलेत, तुझा आवाज चांगला मोठा आहे, मग तू इतका हळू का बोलतोस? रविवारी मी मोठ्यानं बोलणार आहे, ताई. शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल.